काम घटले, भूक घटेना

मावळातल्या इंदुरीहून एका भगिनीचे पत्र आले आहे. ताई लिहितात, "आमच्या मालकांनी पन्नाशीपर्यंत भातशेती केली. राब भाजण्यापासून झोडणीपर्यंत सगळे अंगावर. आता निम्मीच खाचरे राहिली, चिखलणीला ट्रॅक्टर येतो आणि डेअरीला दूध घालायला मोटारसायकल आहे. ताटात भात मात्र पहिल्याइतकाच लागतो. हातपाय तसेच काटकुळे आणि पोट तेवढे सुटले आहे. परवा तपासणीत साखर निघाली. मी म्हणते, काम नाही तर एवढी भूक लागते कशी? ते म्हणतात, लागते त्याला मी काय करू? घरात सून गरोदर आहे, तिच्यासमोर रोज हा वाद. खरे कोणाचे?"

ताई, मालकांना हावरट म्हणू नका, एवढे आधी सांगून टाकतो. त्यांना भूक लागते ती खरीच लागते. मात्र खरी भूक नेहमी बरोबर हिशोब करते असे नाही, म्हणून तुमचेही म्हणणे खोटे नाही. हे कोडे एका घरचे नाही. तळेगाव-चाकण रस्त्यावरच्या तुमच्या गावाला एकीकडे इंद्रायणी, समोर भंडाऱ्याचा डोंगर आणि दोन्ही बाजूंना कारखान्यांच्या वसाहती. ज्या मावळाने इंद्रायणी तांदूळ दिला (आंबेमोहर १५७ आणि आयआर ८ यांच्या संकरातून वडगाव मावळच्या संशोधन केंद्राने तो १९८७ साली पुढे आणला), त्याच मावळात आता शेतकऱ्याचा एक मुलगा पाळीवर जातो आणि बाप भाड्याच्या ट्रॅक्टरकडे बांधावरून बघत उभा असतो. अंगाचे काम एका पिढीत उतरले. भूक का उतरली नाही, हे समजण्यासाठी ती लागते कोठून हे पाहिले पाहिजे.

भूक पोटात लागते असे आपण म्हणतो. पण ती लावणारा कारभारी बसलेला आहे मेंदूत. कसा, ते गोठ्यातल्या उदाहरणाने सांगतो, कारण ही गोष्ट तुम्ही रोज दोन वेळा पाहता.

गाय पान्हा कसा सोडते? वासरू कासेला ढुशी देते. त्या स्पर्शाची बातमी मज्जातंतूंवाटे गाईच्या मेंदूत जाते. मेंदूच्या तळाशी लोंबणाऱ्या एका लहानशा ग्रंथीतून ऑक्सिटोसिन नावाचा रस रक्तात उतरतो, रक्तावाटे कासेत पोचतो आणि मिनिटाभरात सड भरून येतात. दूध आधीपासून कासेतच असते, पण मेंदूचा हुकूम आल्याशिवाय ते खाली येत नाही. आणि गोठ्यात परका माणूस शिरला, कुत्रे भुंकले, तर तीच गाय पान्हा चोरते. गाय लबाड नसते. भीतीने दुसरा रस रक्तात सुटतो आणि तो पहिल्याचे काम अडवतो. अशा रसांना संप्रेरके किंवा हार्मोन म्हणतात. ते म्हणजे रक्तातून फिरणारे निरोपे.

माणसाच्या पचनाचे असेच चालते. स्वयंपाकघरातून लसणाच्या फोडणीचा वास आला की घास तोंडात पडण्याआधीच तोंडाला पाणी सुटते, आणि तिकडे जठरातही रस सुटू लागतो. रशियातील शास्त्रज्ञ पावलोव्ह यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून हे दाखवले. पचनावरील त्या कामाला १९०४ साली नोबेल पारितोषिक मिळाले. मेंदूपासून निघून गळा, छाती ओलांडून थेट आतड्यांपर्यंत उतरलेला व्हेगस नावाचा एक लांब मज्जातंतू आहे, त्याच्यामार्फत हा हुकूम खाली येतो. पण या तंतूचे गंमतीचे काम पुढेच आहे. त्यातले बहुतेक धागे मेंदूकडून पोटाकडे हुकूम नेत नाहीत, तर पोटाकडची खबर मेंदूकडे नेतात. जठर किती ताणले, आतड्यात काय येऊन पडले, याची नोंद वर जात असते.

ही खबर घेणारी जागा मेंदूच्या अगदी तळाशी आहे. तिला हायपोथॅलॅमस म्हणतात. आकाराने बदामाएवढी. तहान, भूक, अंगाची ऊब, पाळी, हे सगळे तिच्या ताब्यात. भुकेच्या बाबतीतला एक मोठा शोध आपल्या देशाच्या माणसाचा आहे, हे शाळेतल्या मुलांनाही सांगावे. डॉ. बाळ कृष्ण आनंद अमेरिकेत येल विद्यापीठात असताना १९५१ साली त्यांनी आणि ब्रोबेक यांनी उंदरांच्या हायपोथॅलॅमसच्या दोन्ही कडांना टाचणीच्या टोकाएवढी इजा केली. उंदरांनी खाणे सोडले. समोर अन्न ठेवलेले, पोट रिकामे, आणि उंदीर उपाशी मरू लागले. त्याआधी १९४० साली दुसऱ्या शास्त्रज्ञांनी याच भागाच्या मध्याला इजा करून पाहिली होती, तेव्हा उंदीर खात सुटले आणि गोल झाले. म्हणजे 'खा' म्हणणारी आणि 'पुरे' म्हणणारी अशी दोन्ही व्यवस्था त्या बदामाएवढ्या जागेत आहे. पुढे डॉ. आनंद दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक झाले. भुकेचे नियंत्रण आज आपण समजतो ते यापेक्षा बरेच गुंतागुंतीचे आहे, पण पायाचा दगड त्यांनी ठेवला.

आता त्या कारभाऱ्याकडे कोण कोण निरोप घेऊन येते ते पाहू. फार नावे सांगत नाही, चार पुरेत.

पहिला घ्रेलिन. रिकाम्या जठरातून सुटतो आणि 'खायला घाला' म्हणून वर्दी देतो. जपानच्या शास्त्रज्ञांना तो १९९९ साली सापडला. याची एक खोड ध्यानात ठेवण्याजोगी आहे. तो घड्याळ शिकतो. ज्या घरात बाराला जेवतात तिथे तो बाराच्या आधी चढतो, ज्या घरात दोनला जेवतात तिथे दोनच्या आधी. आणि वेळ टळून गेली, काही खाल्ले नाही, तरी तो आपोआप उतरतो. 'भूक मेली' असे आपण म्हणतो ते हेच. पिढ्यान्पिढ्या बोलीत असलेली गोष्ट प्रयोगशाळेत खरी निघाली.

दुसरे निरोपे आतड्याचे. अन्नातली तुपातेलाची आणि डाळीदुधाची बातमी लागताच लहान आतड्यातून कोलेसिस्टोकायनिन सुटते. ते पित्ताशयाला पित्त सोडायला लावते, जठराचे तोंड आवळते आणि व्हेगसमार्फत वर 'आता पुरे' असे कळवते. आतड्याच्या खालच्या टोकाकडून जीएलपी-१ नावाचा आणखी एक येतो, तो जठर सावकाश रिकामे करवतो आणि स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडायला मदत करतो. या सगळ्यांना आपले काम करायला पंधरा-वीस मिनिटे लागतात. पाटावर बसल्यापासून सात मिनिटांत हात धुणारा माणूस निरोप पोचण्याआधीच दोन मुदी जास्त खाऊन उठलेला असतो. आपल्याकडे पुरुषांना आधी वाढायचे आणि त्यांनी झटपट जेवून कामाला पळायचे अशी रीत पडली. काम होते तोवर ते खपले.

तिसरा लेप्टिन. याचा शोध न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात फ्रीडमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९४ साली लावला. तो अंगातल्या चरबीतूनच सुटतो. कणगीत धान्य किती उरले हे कारभाऱ्याला सांगणारा हा निरोप्या. चरबी भरपूर असली की लेप्टिन जास्त, मग भूक आवरती. चरबी घटली की लेप्टिन उतरतो, आणि मेंदू दुष्काळ जाहीर करतो. भूक वाढवतो, थायरॉइड ग्रंथीला काटकसरीचा हुकूम देतो, हातपाय गार पडतात, कामाला उठवत नाही. फार कृश मुलींची पाळी उशिरा येते किंवा थांबते त्यामागेही हा दुष्काळी हुकूम असतो. कणगी रिकामी असताना मेंदू मूल वाढवण्याची जोखीम घेत नाही. इंग्लंडमध्ये पाकिस्तानी वंशाच्या एका कुटुंबात लेप्टिन तयारच होत नाही अशी दोन चुलत भावंडे १९९७ साली सापडली. त्यातल्या आठ वर्षांच्या मुलीचे वजन ८६ किलो होते. तिला अन्नाची भूक सतत, न शमणारी. लेप्टिनची इंजेक्शने सुरू केल्यावर तिची भूक शहाण्यासारखी वागू लागली. एका रसाच्या अभावी एवढे होते, मग अशा पोराला 'हावरट' म्हणून मारणाऱ्यांनी काय मिळवले असते?

चौथा इन्सुलिन. हे नाव घरोघरी पोचले आहे. रक्तातली साखर स्नायूंच्या आणि चरबीच्या कोठारात नेऊन ठेवणे हे त्याचे मोठे काम, पण तोही मेंदूला 'घरात आहे' असे सांगतो.

इतके निरोपे, इतकी चोख व्यवस्था, मग ताईंच्या मालकांचे गणित चुकले कुठे? याचे उत्तर बंगालमधून आले आहे आणि ते जुने आहे. १९५६ साली जीन मेयर यांनी पूर्णिमा रॉय आणि मित्रा यांच्यासह पश्चिम बंगालमधील एका तागगिरणीतल्या दोनशेहून अधिक माणसांचे खाणे, वजन आणि काम तपासले. त्यात ओझी वाहणारे हमाल होते, यंत्रावरचे कामगार होते, कारकून होते आणि दिवसभर गादीवर बसणारे दुकानदारही होते. हलक्या कामापासून अतिजड कामापर्यंत हिशोब सरळ लागला. ज्याचे काम जास्त त्याचे खाणे जास्त, आणि वजन जवळपास सारखे. पण जे बसूनच होते त्यांचे खाणे कमी झालेले नव्हते. उलट ते जड काम करणाऱ्यांच्या बरोबरीने खात होते आणि वजनाने भारी होते.

वाचकहो, हे दोनदा वाचा. काम आणि भूक यांची जोडी चालते ती काही एका मर्यादेच्या वरच. काम त्या मर्यादेखाली गेले की भुकेचा तराजूच बिघडतो. कणगीत भर पडत राहिली की लेप्टिन वाढतो खरा, पण एकच आरोळी दिवसरात्र ऐकून कान बधिर व्हावा तसा मेंदू त्याच्याकडे लक्ष देईनासा होतो. शरीराने दुष्काळाची तयारी हजारो वर्षे केली आहे. सुकाळाशी त्याची ओळख अगदी अलीकडची. १९७२ चा दुष्काळ ज्यांनी पाहिला, सुकडी आणि मिलो खाऊन खडी फोडली, त्यांना ही काटकसर कोणी शिकवायला नको. म्हणून 'काम कमी झाले की भूक आपोआप कमी होईल' या भरवशावर बसू नये. ती होत नाही.

आता पत्रातली दुसरी खूण. हातपाय काटकुळे आणि पोट सुटलेले. याचा अभ्यास आपल्याच जिल्ह्यात झाला आहे आणि त्याची जगभर दखल घेतली गेली. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन या दोघांचे एक छायाचित्र २००४ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय साप्ताहिकात आले. दोघे बारीक, उंचीच्या मानाने दोघांच्या वजनाचा आकडा एकच, २२.३. पण यंत्रावर मोजले तेव्हा लंडनच्या डॉक्टरांच्या अंगात चरबी निघाली ९.१ टक्के आणि पुण्याच्या डॉक्टरांच्या अंगात २१.२ टक्के. वजनकाट्याला न दिसणारी ही चरबी आपल्या लोकांत पोटाच्या आत, यकृताभोवती जाऊन बसते. स्नायू कमी, म्हणजे साखर ठेवायचे कोठार लहान, आणि वरून ही आतली चरबी इन्सुलिनला दाद देत नाही. मग बारीक दिसणाऱ्या शेतकऱ्याला साखर निघते आणि सगळे म्हणतात, अंगावर मांस नाही, याला कशी झाली?

तेव्हा काट्यावर विसंबू नका. घरात शिवणाची फीत असतेच. बेंबीच्या पातळीवर, श्वास सोडून, पोट न ओढता मोजा. पुरुषाचे पोट ९० सेंटिमीटरच्या (साडेपस्तीस इंचांच्या आसपास) आणि बाईचे ८० सेंटिमीटरच्या (साडेएकतीस इंचांच्या) वर गेले असेल तर साखर तपासून घ्यावी.

ही ठेवण माणूस जन्मालाच घेऊन येतो, आणि इथे मला सुनेबद्दल लिहायचे आहे. पत्रात तिचा उल्लेख एका ओळीचा आहे, पण माझ्या मते महत्त्वाची गोष्ट तीच. केईएमच्या मंडळींनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांत आठशेच्या आसपास शेतकरी घरच्या गरोदर स्त्रियांचा माग ठेवला. गरोदरपणाआधी त्यांचे सरासरी वजन होते ४२ किलोच्या आसपास. त्यांची बाळे जन्मली सरासरी २.७ किलोची, इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची बाळे ३.५ किलोची. आपली बाळे बारकी, हे माहीत होतेच. नवे कळले ते हे की बारक्या बाळाच्या अंगातले स्नायू आणि पोटातले अवयव फार कमी पडले होते, पण पाठीवरची चरबी मात्र त्या मानाने राखलेली होती. पुढे पुण्याच्या आणि लंडनच्या बाळांच्या नाळेतले रक्त तपासले. पुण्याची बाळे बारकी असूनही त्यांच्या वजनाच्या मानाने इन्सुलिन जास्त होते आणि लेप्टिनही फारसे मागे नव्हते. म्हणजे चरबीचे, साखरेचे आणि मेंदूचे ते सगळे बोलणे आईच्या पोटातच ठरू लागते.

याच अभ्यासात दिसले की बाळाचे वजन आईने एकूण किती खाल्ले यापेक्षा काय खाल्ले याच्याशी जास्त जोडलेले होते. ज्या स्त्रिया हिरव्या पालेभाज्या, फळे आणि दूध वारंवार घेत त्यांची बाळे भरलेली. शेतातली जड कामे आणि पाण्याचे हंडे ज्यांच्या वाट्याला जास्त आले त्यांची बाळे हलकी. आणखी एक गोष्ट, जी माळकरी घरांनी विशेष लक्षात घ्यावी. तीनपैकी जवळपास दोन स्त्रियांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व कमी होते. हे जीवनसत्त्व धान्यात, डाळीत, भाजीत नसते. दूध, दही, अंडी, मांसमच्छी यांतूनच मिळते. आईत ब-१२ कमी आणि फोलिक आम्ल मात्र भरपूर, अशांची मुले सहा वर्षांची झाल्यावर त्यांच्यात इन्सुलिनला दाद न देण्याचा दोष सगळ्यांत जास्त आढळला. याचा अर्थ फोलिक आम्लाच्या गोळ्या बंद कराव्या असा बिलकुल नाही. बाळाच्या मज्जारज्जूसाठी त्या लागतातच. अर्थ एवढाच की जोडीला ब-१२ पाहिजे.

आता घराघरात काय चालते ते पाहा. चार म्हशी दारात, आणि पहाटे दूध सगळे डेअरीच्या किटलीत. घरासाठी उरतो तो चहापुरता पेला. गरोदर सुनेला ताटाखरवडीचे, तेही सगळ्यांच्या मागून. डेअरीच्या पावतीवर फॅट लागते म्हणून आपण म्हशीला पेंड मोजून घालतो. सुनेच्या ताटाला ते माप का नसावे? रोज दोन पेले दूध किंवा तेवढे दही-ताक, एक पालेभाजी, हंगामाचे एक फळ, एवढे तिचे बाजूला काढून मगच किटली भरावी. घरात अंडे चालत असेल तर उत्तम. जेवायला तिला सगळ्यांबरोबर बसवावे. तिची साखर पहिल्याच तपासणीला आणि पुन्हा २४ ते २८ आठवड्यांच्या दरम्यान पाहून घ्यावी. सरकारी आरोग्य केंद्रात ही तपासणी करून मिळते.

मालकांकडे वळतो. भात बंद करा, असे मी मावळातल्या माणसाला सांगणार नाही. सांगितले तरी तो ऐकणार नाही. पण जेवणाचा क्रम फिरवता येतो. आधी वाटीभर उसळ किंवा घट्ट वरण, पालेभाजी, काकडी-मुळा, आणि भात शेवटी. डाळ आणि भाजी आधी आतड्यात पोचली की 'पुरे' म्हणणारे निरोपे भात येण्याआधीच निघतात, आणि साखरही रक्तात सावकाश चढते. भात वाटीने मोजून एकदाच घ्यावा, आणि दुसरा मागण्याआधी दहा मिनिटे थांबावे. चहाचे तेवढे पाहा. सहा कप आणि दर कपात दोन चमचे म्हटले तरी दिवसाला साठ ग्रॅमपर्यंत साखर जाते, आणि पेल्यातून गेलेल्या साखरेची मेंदू नीट मोजदाद ठेवत नाही. एकादशीचे काय बोलावे! साबुदाण्याची खिचडी, बटाटा, शेंगदाण्याचे लाडू. 'एकादशी, दुप्पट खाशी' ही म्हण उगीच पडलेली नाही. साखरेच्या गोळ्या चालू असतील त्यांनी निर्जळी उपास डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुळीच करू नये, साखर एकदम उतरून चक्कर येते.

आणि काम. तराजू जागेवर आणायचा तर त्याला वजन घातले पाहिजे. जेवण झाल्यावर खाटेवर न पडता पंधरा मिनिटे चालून या. स्नायू चालताना साखर ओढून घेतात, त्यासाठी इन्सुलिनची तेवढी वाट पाहत नाहीत. डेअरीची किटली जवळ असेल तर पायी न्या. इंदुरीकरांना भंडाऱ्याचा डोंगर हाताशी आहे. वारकरी पायऱ्या चढतो ते पुण्यासाठी, पण पोटऱ्या-मांड्यांच्या स्नायूंनाही ते पावते. नुसते चालून भागत नाही, बैठका, ओझे उचलणे, कुदळ मारणे असे स्नायू वाढवणारे काहीतरी आठवड्यातून दोन-तीनदा पाहिजे.

पाळीवर जाणाऱ्या मुलांसाठी थोडे. शिकागोत २००४ साली बारा धडधाकट तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले. त्यांचा लेप्टिन १८ टक्के उतरला आणि घ्रेलिन २८ टक्के चढला, आणि गोडाधोडाची ओढ वाढली. रात्रपाळी करून आलेला पोरगा वडापावावर तुटून पडतो त्याचे कारण जिभेत नाही, झोपेत आहे. दिवसा त्याला अंधाऱ्या खोलीत, कोणी हाक न मारता, सलग झोपू द्या.

काळजीचेही एक सांगायचे राहिले. जमिनीच्या दाव्याची तारीख असली की सकाळपासून पोटात कालवते, घास गिळवत नाही आणि परसाकडे मात्र दोनदा जावे लागते. मेंदूत भीतीचा रस सुटला की जठर मंदावते आणि मोठे आतडे घाई करते. पान्हा चोरणारी गाय आठवा. अशा वेळी आग्रहाने वाढू नये. ही काळजी महिनोन्महिने टिकली तर मात्र भूक उलट वाढते आणि चरबी पोटावर चढते.

हल्ली भूक मारणारी इंजेक्शने आली आहेत, त्याबद्दलही विचारणा होते. ती वर सांगितलेल्या जीएलपी-१ चीच नक्कल. २०२५ साली वजनासाठीची अशी औषधे आपल्या देशात विक्रीला आली. ती गुणकारी आहेत यात शंका नाही, पण थांबवल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा मोठा भाग परत येतो, हे प्रयोगांत दिसले आहे. चरबीबरोबर स्नायूही घटतात, आणि आपल्या लोकांच्या अंगावर ते आधीच कमी. गरोदर बाईने तर ती घेऊच नयेत. कोणाच्या सांगण्यावरून, दुकानातून परस्पर आणून टोचून घेऊ नका. डॉक्टरांनी तपासून दिली तरच.

साखर नक्की झाली की नाही हे एका थेंबावर ठरवू नये. उपाशीपोटी शिरेतून काढलेल्या रक्तात १०० च्या आत असेल तर ठीक, १०० ते १२५ म्हणजे उंबरठ्यावर, आणि १२६ किंवा वर दोनदा आली तर मधुमेह. उंबरठ्यावरच्या माणसाला वर सांगितलेल्या गोष्टींचा सर्वांत जास्त फायदा होतो. मात्र एखाद्याला भूक राक्षसासारखी लागते आहे, तहान भागत नाही, लघवी वारंवार होते आणि तरी वजन उतरते आहे, असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका. रक्तात साखर भरलेली असून इन्सुलिन नसल्यामुळे ती आत जात नाही, आणि मेंदूला वाटते की दुष्काळ पडला. त्याच आठवड्यात दवाखाना गाठा. सोबत उलट्या होत असतील, पोट दुखत असेल किंवा श्वास जोराने चालत असेल तर त्याच तासाला. तसेच भूकच मेली आहे, ताप-खोकला रेंगाळतो आहे आणि कपडे सैल होत चालले आहेत असे असेल, तर छातीचा फोटो आणि थुंकीची तपासणी करून घ्यावी. क्षयाची तपासणी व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.